अक्काची हरकत

अक्काच्या घरात मांसमच्छी चालत नाही, हे मला खोली बघायला गेले तेव्हाच सांगण्यात आलं होतं. 'हरकत नाही' हे शब्द चालत नाहीत, हे मात्र राहायला गेल्यावर कळलं.

पहिलाच दिवस होता. सामान लावून मी जरा टेकले होते. अक्का जिन्याखालून म्हणाली, "बाई, नळाला पाणी आज सांजच्याला येणार हाय. तवर माझ्या रांजणातलं घेशील का?" मी सवयीनं म्हटलं, "हो, काही हरकत नाही." मग ती गुडघ्यांवर हात ठेवत एकेक पायरी चढून वर आली, दारात धाप टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "चालंल म्हण. न्हाय चालत म्हण. रांजण घासलेला न्हाय म्हणून भांड माझ्याशी. पण हरकत न्हाय म्हणू नको. ह्या घरात ते म्हणायचं न्हाय." एवढं बोलून ती तशीच खाली गेली. एवढ्यासाठी या बाईनं दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढावा, हे मला विचित्रच वाटलं. खोली सोडावी का, असाही विचार मनात येऊन गेला.

मी शाळेत मराठी शिकवते. शब्दांची ओळख आहे असं मला वाटायचं. पण एखादा शब्द गिळायची वेळ आली की तो आपल्या तोंडात किती बसलाय ते समजतं. दूध नासलं, हरकत नाही. वीज गेली, हरकत नाही. कुणी पायावर पाय दिला तरी हरकत नाही. महिनाभर मी अक्कासमोर अर्ध्यात थांबत होते आणि ती डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत होती.

गावाचं नाव मी सांगणार नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. कळंबचे लोक म्हणतील आमचंच, भूम-परंड्याचे म्हणतील आमचंच, आणि मला कुणाशीच भांडायचं नाही.

अक्काचं माहेर उमरग्याच्या पलीकडे, अगदी सीमेवर. रागावली की ती कानडीत जायची, आणि माया आली तरी कानडीत जायची. त्यामुळे नक्की काय चाललंय हे तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखावं लागे. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकली लुगडं, आणि काखेत कायम एक घडी घातलेलं तरट. बाजारात जायचं असो की मठात, तरट बरोबर. मी सुरुवातीला समोरून तिला तुम्ही म्हणायची आणि मनातून वेडी म्हणायची. पुढे समोरून तुम्हीच राहिलं. मनातलं मात्र कधी बदललं ते आठवत नाही.

तरटाचं कारण असं की अक्का गावात बसून बघायची. आपण आमटीचं मीठ बघतो तसं ती जागा बघायची. तहसीलच्या व्हरांड्यात बसून बघ, दवाखान्याच्या पायरीवर बसून बघ, नव्या व्यापारी संकुलाच्या दारात बसून बघ. कोण उठवतंय, किती वेळानं उठवतंय, आणि उठवताना काय म्हणतंय, याची तिला फार गोडी. "दवाखान्यात मावशी म्हणून उठवत्यात," ती मला सांगायची. "संकुलात ओ म्हणून उठवत्यात. ब्यांकेत बोलत बी न्हाईत, नुसती काठी आपटत्यात." ती कुणावर चिडायची नाही. तरट झटकायची, घडी घालायची आणि पुढच्या ठिकाणी जायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक नवा बंगला झाला. उंच कंपाउंड, वर काचा रोवलेल्या. मालकानं कौतुकानं अक्काला वास्तुशांतीला बोलावलं. अक्का सगळा बंगला फिरली, देवघराला हात जोडले, शिरा खाल्ला आणि निघताना यजमानाला म्हणाली, "घर चांगलं झालंय. पण उद्या तुमच्यात काई बरंवाईट झालं, तर आलेल्या माणसानं टेकायचं कुठं?" वास्तुशांतीत असं बोलतात का, म्हणून मी घरी आल्यावर तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "मग कवा बोलायचं? झाल्यावर?"

तिच्या तोंडी एक कानडी शब्द कायम असायचा. कुंद्री. म्हणजे बसा. वीजबिलवाला आला, कुंद्री. कुत्र्याचं लायसन काढा म्हणून सांगायला कुणी आलं, त्यालाही कुंद्री, आणि कुत्रं तिचं नव्हतंच. मी शाळेतून दमून आले की जिन्याजवळून तो शब्द ऐकू यायचा आणि मी चपला न काढता तिथंच पायरीवर बसायची. आता माझ्या घरात सोफा आहे, झुलती खुर्ची आहे, पण मला कुंद्री म्हणणारं कुणी नाही. संध्याकाळी कुलूप उघडताना हे फार जाणवतं.

एसटी स्टँडच्या मागच्या फाटकाजवळ एक जुना लिंब होता आणि त्याला दगडी पार होता. पाराला कुणी देव बसवलेला नव्हता, म्हणूनच तो सगळ्यांचा होता. खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया गाडीची वाट बघत तिथं गाठोडी ठेवत. कुणी दवाखान्याला आलेली असायची, कुणी पोराच्या दाखल्याला. अंगावरचं पोर पाजायचं तर सगळ्या गावात तेवढी एकच आडोशाची जागा होती. बाया कडं करून बसायच्या आणि आतली निर्धास्त पाजायची. दुपार बायांची आणि सांज बाप्यांची, असा त्या पाराचा रिवाज होता. तो कुणी लावला ते कुणाला माहीत नव्हतं, पण ऊन कललं की बाया आपोआप पदर सावरून उठायच्या.

अक्का उठायची नाही. सांजेला म्हातारे बाप्ये यायचे, खाकरायचे, टोप्या सारख्या करायचे. अक्का म्हणायची, कुंद्री. एकदा त्यांच्यातले एक जाणते धीर करून म्हणाले, "अक्का, सांज झाली."

"दिसतंय मला," अक्का म्हणाली. "मोतीबिंदू काढलाय."

तिच्याबरोबर न उठणारी आणखी एक बाई होती. बांगडीवाली चाची. वाळकी, उंच, तोंडात कायम पान, मांडीवर बांगड्यांची पिशवी. अक्का नवरी होऊन या गावात आली तेव्हा पहिला चुडा चाचीनं भरला होता. तेव्हा चाचीही नवीच लग्न होऊन आलेली. पण अक्काच्या सासूच्या शिस्तीत बांगडीवालीनं पायरीखाली बसायचं आणि घरच्या बाईनं पायरीवरून हात पुढे करायचा. चाची त्या घरात कधी आली नाही. अक्काही चाचीच्या मोहल्ल्यात कधी गेली नाही. सासू जाऊन जमाना झाला होता, आता कुणी अडवणारं नव्हतं, तरी ते तसंच राहिलं होतं. त्या दोघींची मैत्री सगळी पारावर झाली. सुखदुःखं तिथंच, रुसवेफुगवे तिथंच. अक्काचा नवरा गेला तेव्हा चाची घरी भेटायला गेली नाही. ती रोज पारावर येऊन बसली, आणि घरची गर्दी ओसरल्यावर अक्का तिथं जाऊन तिच्या गळ्यात पडून रडली.

मी एकदा भाबडेपणानं म्हटलं, "चाचींना घरी बोलवा की, अक्का. आता कोण काय म्हणणार आहे?"

अक्का म्हणाली, "बोलावलं तर येईल ती. पण घरात एक घरवाली असती आन एक पाव्हणी. ती पाणी मागतानी इचार करंल. पारावर दोघी बी पाव्हण्या. तिथं बरोबरीनं भांडता येतंय."

'हरकत'ची गोष्ट मला चाचीनं सांगितली, त्याच पारावर. अक्का शेजारीच बसलेली, पण तोंड स्टँडकडे करून.

मी गावात येण्याआधी गावाचा नवा आराखडा निघाला होता आणि त्यात पाराच्या जागी सुशोभीकरण होतं. हरकती व सूचना मागवल्याचा कागद नगरपरिषदेच्या आतल्या फळ्यावर लागला. तो अक्कानंच वाचला, कारण तिथल्या बाकावर ती बसून बघत होती. मग तिनं दुपारच्या बायांना गोळा केलं. निम्म्या आजूबाजूच्या खेड्यांतल्या. सुनावणीला त्या नटूनथटून आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. सुनावणी वरच्या मजल्यावर होती.

"मी म्हणलं, मी न्हाय येत वर," चाची सांगत होती. "हापिसात माझा जीव घाबरा व्हतो. म्या जिन्याखाली बसले. तर ही बया मला न्यायला खाली आली. म्हणं, तू न्हाय आलीस तर मी काय बोलू? आमी दोघी खाली 'चल'-'न्हाय', 'चल'-'न्हाय' करत बसलो. आन वर सायेब बाहेर आला."

साहेब तरुण होता आणि फार सभ्य होता. दारात एवढ्या बाया उभ्या बघून तो ओशाळला. हात जोडून म्हणाला, माफ करा, बसायला खुर्च्या नाहीत, जरा उभं राहावं लागेल, हरकत नाही ना? आजवर कुठल्या साहेबानं त्यांची माफी मागितली नव्हती. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, न्हाय न्हाय सायेब, आमची काईबी हरकत न्हाय.

"झालं," चाची म्हणाली. "आतल्या लिव्हणाऱ्यानं लिव्हून बी टाकलं, म्हैलांची हरकत न्हाय. आन ह्या भवान्या हसत खाली आल्या. मी इचारलं, काय झालं गे? तर म्हणत्यात, सायेब लई चांगला हाय, माफी मागितली आमची."

मला हसू आवरेना. चाचीही पदर तोंडाला लावून हसत होती. अक्का स्टँडकडे बघतच म्हणाली, "सांग, सांग. गावभर सांग." मग म्हणाली, "बसायला जागा मागाया गेल्या, आन बसायला जागा न्हाय ह्यालाच हरकत न्हाय म्हणून आल्या. बायांचं असंच हाय. पाय भरून आले तरी म्हणायचं हरकत न्हाय." बाया खाली आल्यावर ती एकटी वर पळाली होती म्हणे, गुडघ्यांसकट. पण तोवर पुढचं प्रकरण सुरू झालं होतं, आणि तिला विचारलं गेलं की बरोबरच्या बायांपैकी या गावच्या किती. पारावर दुपारभर बसणाऱ्या बाया या गावच्या नव्हत्याच. पार त्यांना लागायचा तोच मुळी त्या या गावच्या नव्हत्या म्हणून, पण हे सांगायला कुठं जागा नव्हती. तो साहेब लबाड होता असं अक्का कधी म्हणाली नाही. "चांगला हुता," ती म्हणायची, "म्हणूनच फसलो."

कागदावरचं जमिनीवर यायला वेळ लागतो, तशी काही वर्षं गेली. मी तिथं असतानाच एका सकाळी जेसीबी आला. लिंब तोडला नाही, त्याचं कौतुकही झालं. पार तेवढा काढला. पेव्हर ब्लॉक बसले, भोवती टोकदार रेलिंग आलं, गावाच्या नावाची रंगीत दिव्यांची अक्षरं आली, त्याच्यापुढे पोरं फोटो काढू लागली. रेलिंगच्या फाटकाला कुलूप असायचं, कारण आत माणसं बसली तर गवत खराब होतं. बाया रेलिंगच्या बाहेर लिंबाच्या सावलीच्या मागं मागं सरकत उभ्या राहू लागल्या.

अक्का रेलिंगला टेकून डांबरावर तरट टाकून बसायची. एसटी वळताना ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमायचा. चाचीनं एका बंद दुकानाच्या पायरीवर पिशवी ठेवली, तिथून उठवलं, मग दुसरीकडे गेली, तिथूनही उठवलं. शेवटी ती यायचीच बंद झाली. मोहल्ल्यात कुणाच्या तरी दारात बसून बांगड्या भरते, असं कळलं. फोन होते दोघींकडे. मी लावूनही दिला एकदा. अक्का म्हणाली, "बरी हायस का?" चाची तिकडून काहीतरी म्हणाली. मग दोघी नुसत्या गप्प, कानाला फोन लावून. त्या दोघी आजवर बोलण्यासाठी थोड्याच भेटत होत्या.

त्या दिवसांत अक्का खंगली. भाकरी पुढ्यात तशीच राहायची. "सांज कुठं घालवावी कळंना, बाई," ती म्हणायची. मी तिच्याजवळ बसायची, पण मी म्हणजे भाडेकरीण. मला बरोबरीनं भांडता येत नव्हतं.

आणि एक दिवस तिनं गवंडी बोलावून स्वतःच्या घराचं रस्त्याकडचं कंपाउंड पाडलं. गल्ली जमली. सोलापूरहून मुलगा धावत आला.

"अव्वा, हे काय चाललंय?"

"ओटा करायलेय. शहाबादी फरशीचा. रस्त्याला लागून."

"अगं, कोणीही येऊन बसेल."

"म्हणूनच करायलेय."

"माझी हरकत आहे," मुलगा चिडून म्हणाला.

अक्कानं त्याच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मग वर ये," ती म्हणाली. "जिन्यात सुनावणी ठिवते. खुर्च्या न्हायती, उभं राहावं लागंल."

ओटा झाला. फरशी गार, वर पत्र्याची सावली, पाठ टेकायला घराची भिंत. आणि त्यावर कुणी बसेना. बाया थबकायच्या, दाराकडे बघायच्या, दारात उभी असलेली अक्का कुंद्री, कुंद्री म्हणायची, की त्या लाजून पुढे जायच्या. कुणाच्या घरच्या ओट्यावर कसं बसायचं? चाची एकदा आली आणि रस्त्यावरूनच म्हणाली, "छान झालाय गे." आणि पिशवी सावरत निघून गेली. अक्का आत येऊन चुलीपुढे बसली. तिला रडताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुढचं दार बंद. मला वाटलं, अक्का आजारी पडली. तर तिनं आतून कडी घालून वर कुलूप लावलं होतं आणि मला सांगितलं की आजपासून मागच्या बोळातून ये-जा करायची. पोस्टमन, गॅसवाला, सगळ्यांना मागचं दार. दुपारी काखेत तरट घेऊन ती मागून बाहेर पडली. बोळातून, पिठाच्या गिरणीवरून, स्टँडच्या रस्त्यानं पूर्ण वळसा घालून, गुडघे धरत, स्वतःच्याच घरापुढे आली. ओट्यावर एक खेड्यातली म्हातारी टेकली होती, दार बंद बघून तिला धीर आला असावा. अक्का तिच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बसू का हितं?"

"बस की," म्हातारी सरकून म्हणाली. "कुनाचं हाय कुनाला ठावं."

अक्का रोज असा वळसा घालून यायची. वेडी म्हणून गल्ली हसली, मीही हसले. चार-सहा दिवसांत ओटा बायांनी भरला. आणि एका दुपारी अक्का गिरणीवरून वळली तर ओट्यावर चाची बसलेली. माझी शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती, मी मागेच होते. अक्का रस्त्यातच थांबली. पदरानं तोंड पुसलं. मग पुढे होऊन म्हणाली, "बसू का?"

चाचीनं पान या गालातून त्या गालात घेतलं. "उशीर केलास," ती म्हणाली. आणि दोघी भांडायला लागल्या.

पुढे माझी बदली झाली. निघताना मी अक्काच्या पाया पडले, तर ती म्हणाली, "जा. पण तिकडं बी बसून बघत जा." मी पुण्याजवळ मोठ्या सोसायटीत राहते. खाली बाग आहे, बाकं आहेत, आणि घरकाम करणाऱ्या बायांनी बाकांवर बसू नये अशी पाटी आहे. मी सभेत उभी राहून हरकत आहे म्हणाले होते. पाटी अजून तिथंच आहे. त्या सभेनंतर जिना चढताना मला अक्काची इतकी आठवण आली की मी मधल्याच पायरीवर बसून राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का?

अक्का गेल्याचं मला उशिरा कळलं. जाणं झालं नाही. या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले. घर बंद होतं, मुलगा सोलापूरलाच असतो. ओटा मात्र होता. फरशी बसून बसून गुळगुळीत झालेली. भिंतीला टेकून चाची बसली होती, आता फार वाकलेली, मांडीवर तीच पिशवी. शेजारी दोघी-तिघी बाया होत्या, आणि चाचीच्या उजव्या अंगाला एका माणसाची जागा मोकळी होती. तिथं एक तरट घडी घालून ठेवलेलं.

मी वाकून म्हटलं, "चाची, ओळखलंत का? इथं बसू?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ओळखलं असावं. "हरकत हाय," ती म्हणाली. मग तरटावर हात ठेवून म्हणाली, "ही तिची जागा. तू ह्या अंगाला ये, बाई."

मी डाव्या अंगाला बसले. डोळ्यांतलं पाणी थांबेना आणि मी ते थांबवायला गेलेही नाही. चाची माझा हात हातात घेऊन बांगड्यांचं माप बघत राहिली. अक्काचा पोरगा ओटा पाडायला आला होता, एवढं तिनं सांगितलं. आला, बसला जरा वेळ, आणि गेला.

स्टँडवर गाडी लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळात एक लेकुरवाळी रस्त्यानं आली. खांद्यावर पोर, हातात दवाखान्याची पिशवी, तोंड उन्हानं लाल. ती विजेच्या खांबाजवळ थांबली, ओट्याकडे बघितलं, मोकळ्या जागेकडे बघितलं, आणि विचारायचा धीर न होऊन तशीच उभी राहिली. चाची तिच्याकडे बघत होती. मग तिनं तरट उचलून मांडीवर घेतलं आणि पदरानं फरशी पुसली.

"ये गे माय," ती म्हणाली. "कुंद्री."

मी म्हटलं, "चाची, ती जागा तर..."

"असू दे," चाची मांडीवरचं तरट थोपटत म्हणाली. "तिची हिला हरकत न्हाय."